समोरच्या चर्चला दारावर छप्पर हवंय, हिअरिंगला जाऊन काय बोलू?

शेवगा
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही न्यू जर्सीतल्या एका जुन्या गावात राहतो. घराच्या तिरकं समोर, कोपऱ्यावर एक दगडी चर्च आहे, १९२०च्या दशकातलं. गेल्या आठवड्यात सर्टिफाइड मेलने पत्र आलं, सही करून घेतलं तेव्हा वाटलं टॅक्सचं काहीतरी असणार. उघडलं तर चर्चला पुढच्या दारावर छप्पर घालायचंय, दोन खांबांवर, आणि त्यासाठी त्यांनी झोनिंग बोर्डाकडे (कुठे काय बांधायचं ते बघणारं गावाचं मंडळ) फ्रंट सेटबॅकचा व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागितलाय. आमच्या झोनमध्ये पुढे ३५ फूट मोकळे सोडावे लागतात, चर्चची भिंत आजच २७ फुटांवर आहे आणि छप्पर अजून ९ फूट पुढे येणार, म्हणजे उरले १८.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दार दिसतं. पाच पायऱ्या आहेत. हिवाळ्यात रविवारी सकाळी वयस्कर माणसं कठडा धरून एकेक पायरी चढतात ते बघवत नाही. गेल्या जानेवारीत मी बर्फ काढत होतो आणि एक आजी माझ्या डोळ्यांदेखत वरच्या पायरीवरून घसरल्या. फावडं टाकून धावलो. मनगट मोडलं होतं. शिवाय आमची मराठी शाळा त्याच चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरते, रविवारी दुपारी.

पण एक खरी भीतीही आहे. मी ड्राइव्हवेतून गाडी मागे घेतो तेव्हा कोपऱ्यावरून वळून येणाऱ्या गाड्या मला चर्चच्या पुढच्या हिरवळीवरून दिसतात. तिथे खांब आले तर दिसणार का? शेजारचे आजोबा म्हणतात विरोध कर, एकाला सूट दिली की उद्या सगळे रस्त्यावर येतील. बायको म्हणते जा आणि दोन्ही गोष्टी सांग. गेलो नाही तर काही होतं का? ईमेल केला तर चालेल का? आणि तिथे बोलतात काय?

चहाबाज
सेटबॅक म्हणजे मुंबईत रस्ता रुंदीकरणात पालिकेला जागा सोडून द्यावी लागते तेच ना? मग सोडलेल्या जागेवर छप्पर कसं काय मागतायत?

पुणेरी_पेन्सिल
चहाबाज, नाही, तिथेच गल्लत होते. मुंबईत आपण सेटबॅक म्हणतो ती जमीन रस्त्यात जाते, मालकी सुटते. शेवगा म्हणतायत ते म्हणजे आपल्याकडच्या नियमावलीतलं सामासिक अंतर. जमीन चर्चचीच, फक्त हद्दीपासून इतके फूट बांधकाम करायचं नाही. उजेड, वारा, आगीचा बंब फिरायला जागा, रस्त्यावरून मोकळं दिसणं ही त्यामागची कारणं.

आणि व्हेरिअन्सला आपल्याकडचा भाऊ आहे. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ६४(ब) होतं, खरोखर दिसेल अशी अडचण असेल तर आयुक्त लेखी कारण नोंदवून मापांमध्ये सूट देऊ शकत. आम्ही आर्किटेक्ट लोक त्याला कन्सेशन म्हणतो. फरक एवढाच की ती फाइल टेबलावरून टेबलावर जाते, समोर राहणाऱ्या माणसाला पत्र पाठवून 'तुम्हाला काय वाटतं' असं कुणी विचारत नाही. मला तर शेवगांच्या पत्राचंच अप्रूप वाटलं. मी असतो तर एवढ्यासाठी तरी गेलो असतो.

सिव्हिल_काका
न्यू जर्सीत बरीच वर्षं हेच काम केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

शेवगा, तुम्हाला पत्र आलं कारण तुमचं घर त्या प्लॉटपासून २०० फुटांच्या आत आहे. राज्याचा म्युनिसिपल लँड यूज लॉ सांगतो की तेवढ्या अंतरातल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस गेली पाहिजे, आणि जाहीर सूचनाही निघाली पाहिजे. तेवढेच १० दिवस नकाशेही गावाच्या ऑफिसात बघायला ठेवलेले असतात. आधी ते बघा. पत्रावरून मत बनवू नका, पत्र वकील लिहितो, नकाशा सर्व्हेअर काढतो.

गेला नाहीत तर तुम्हाला काही होत नाही. पण ईमेलचा उपयोग नाही. इथे साक्ष शपथेवर होते आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता यायला हवेत, कागदाला प्रश्न कसे विचारणार? त्यामुळे बोर्डं पत्रं आणि सह्यांचे कागद सहसा बाजूला ठेवतात. स्वतः जाऊन उभं राहायचं, नाव-पत्ता सांगायचा, हात वर करून शपथ घ्यायची आणि बोलायचं.

आता पत्रात बघा, कलम ७० नंतर 'सी' लिहिलंय की 'डी'. सी म्हणजे मापांची सूट, हजर सदस्यांच्या साध्या बहुमताने मिळते. डी, म्हणजे मुख्यतः जागेच्या वापराशी संबंधित सूट, असेल तर सात जणांच्या बोर्डात पाच होकार लागतात. तुम्ही म्हणाल छपराला डी कसं? तर बऱ्याच गावांत राहत्या वस्तीतलं चर्च हे 'अटींवर चालणारा वापर' असतं, आणि सेटबॅक ही त्या अटींमधलीच एक असेल तर ती मोडल्यावर साध्या मापाचा प्रश्न राहत नाही, तो डी-३ होतो.

सी मध्ये पण दोन रस्ते आहेत. एक, जागेची किंवा उभ्या असलेल्या इमारतीची अशी काही अडचण की नियम पाळणं शक्यच नाही. दोन, नियम सोडल्याने होणारा फायदा तोट्यापेक्षा स्पष्टपणे जास्त. हा फायदा गावाचा हवा, फक्त अर्जदाराची सोय म्हणून चालत नाही. पायऱ्यांवर कुणी पडू नये हा फायदा गावाचाच आहे.

शेवगा
काका, खूप खूप आभार. पत्र काढून बघितलं, ७०(सी) लिहिलंय.

कोरडवाहू
मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. नियम सगळ्यांना सारखा हवा. मला माझ्या घराला पुढे पडवी काढायची होती, ६ फुटांची, गावाने नाही म्हटलं आणि मी मुकाट्याने गप्प बसलो कारण माझ्याकडे कारण फक्त हौस हेच होतं. चर्च आहे म्हणून पटकन हो म्हणायचं आणि घर आहे म्हणून नाही, हे मला पटत नाही. दुसरं म्हणजे त्यांच्या मागे पार्किंग असेलच ना, तिथून दार असेलच. तिथे ऐसपैस जागा असताना पुढेच छप्पर कशाला? हा प्रश्न शेवगा यांनी नक्की विचारावा.

रानजाई
कोरडवाहू, प्रश्न रास्त आहे, पण मी मनापासून सांगते, विरोध करायला म्हणून जाऊ नका. आमच्या देवळाच्या परवानगीच्या वेळी मी अशाच सुनावणीत बसलेली आहे. लोक उठून ट्रॅफिकबद्दल बोलायचे, आवाजाबद्दल बोलायचे, आणि मधेच एखाद्या वाक्यातून कळायचं की मुद्दा ट्रॅफिकचा नाहीच. घरी येऊन मी रडले होते. त्याच सुनावणीत एक म्हातारे गोरे गृहस्थ उठले, आमच्या देवळाच्या मागेच राहायचे, आणि म्हणाले की दिवाळीच्या रात्री गाड्या माझ्या गल्लीत लागतात हे खरं आहे, पण ही माणसं दुसऱ्या दिवशी येऊन कचरा उचलून जातात हेही खरं आहे. एवढंच बोलले. त्यांनी पाहिलेलं सांगितलं. मला तो माणूस अजून आठवतो.

न्यू जर्सीतच बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मशिदीच्या अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या, वाद पार्किंगच्या जागा किती हव्यात यावरून. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये गावाने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पार्किंगचे आकडे चर्च-सिनेगॉगला एक आणि मशिदीला दुसरे लावले असं कोर्टाला दिसलं होतं. म्हणून कोरडवाहू म्हणतात तसा नियम सारखा हवा हे मलाही मान्य, फक्त सारखा म्हणजे सगळ्यांना सारखंच ऐकून घेणं.

कोरडवाहू
रानजाई, हे मान्य. मी धर्माबद्दल बोलत नव्हतो, पण तुम्ही सांगितलंत ते वाचून गप्प झालो. मागच्या दाराचा प्रश्न मात्र कायम आहे.

वसईचा_वारा
मागच्या दाराबद्दल मी बोलू का? मी वसईचा, घरची भाषा सामवेदी, लहानपण सगळं चर्चच्या आवारात गेलं. चर्चचं पुढचं दार म्हणजे नुसतं आत जायची वाट नाही. बाप्तिस्म्याला बाळ त्याच दाराने आत नेतात, लग्नाची वरात तिथूनच बाहेर पडते आणि शवपेटीही त्याच दाराने येते नि जाते. आमच्याकडे पावसाळ्यात मयत असली की फादर दारात उभे, पेटी चार-सहा जणांच्या खांद्यावर, पायऱ्या ओल्या, आणि मागून कुणीतरी छत्री पेटीवर धरतोय, स्वतः भिजतोय. माझ्या आजोबांच्या वेळी पुढचा माणूस घसरता घसरता वाचला होता, ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत, दारातच थांबतात. कोणाचा मुलगा आखातातून आला, कोणाची तब्येत कशी आहे, सगळं तिथेच कळतं. ऊन-पावसात छप्पर नसेल तर माणसं पांगतात.

म्हणून पार्किंगच्या बाजूच्या दारावर छप्पर घाला हे सांगणं सोपं आहे पण ते लोक वापरतील पुढचंच दार.

चहाबाज
आमच्या गावच्या घराची ओसरी आठवली. खांबांवरचं छप्पर म्हणतायत ते शेवटी ओसरीच की.

पुणेरी_पेन्सिल
अगदी. आणि मागच्या दाराचं एक बांधकामाचं कारणही असू शकतं. त्या काळातल्या अमेरिकन चर्चमध्ये प्रार्थनेची जागा अर्धा मजला वर आणि खाली अर्धवट जमिनीत हॉल, असं खूप ठिकाणी आहे. मागचं दार खालच्या हॉलमध्ये उघडतं, तिथून वर जायला आत अजून मोठा जिना. म्हणजे मागून आलं तरी पायऱ्या सुटत नाहीत.

रॅम्पचाही हिशोब सांगतो. पाच पायऱ्या, ७ इंचांची एक धरली तर ३५ इंच चढ. अमेरिकेत रॅम्पचा उतार १ला १२, म्हणजे ३५ फूट लांब रॅम्प. एका दमात ३० इंचांपेक्षा जास्त चढता येत नाही, म्हणून मधे ५ फुटांचा सपाट टप्पा. एकूण ४० फूट, वरचा टप्पा वेगळाच. पुढच्या २७ फुटांत हे सरळ बसत नाही, भिंतीला समांतर न्यावं लागेल, आणि वर दारापाशी व्हीलचेअर वळेल एवढा चौथरा लागेल. छप्पर ९ फूट का, याचं उत्तर बहुतेक त्या चौथऱ्यात आहे. नकाशात रॅम्प आहे का बघा.

कायद्याचा_किडा
छोटी भर. इथल्या अपंगांसाठीच्या एडीए कायद्यातून धार्मिक संस्थांना सूट आहे, त्यामुळे रॅम्प करायचीच अशी त्या कायद्याची सक्ती चर्चवर नाही. करत असतील तर आपणहून करतायत, तेवढं त्यांच्या बाजूने धरा.

आणि चर्चच्या बांधकाम परवान्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण टेक्सासमधल्या बर्नी गावचं आहे. तिथलं सेंट पीटर चर्च १९२३चं, साधारण २३० माणसं बसायची, रविवारच्या काही मिस्सांना ४०-६० माणसं आत मावायची नाहीत. वाढवायला परवानगी मागितली, तर गाव म्हणालं इमारत ऐतिहासिक भागात येते. १९९७ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला, कारण चर्चच्या बाजूने लढणाऱ्या आर्चबिशपांनी ज्या केंद्रीय कायद्याचा आधार घेतला होता तो राज्यांवर लादायचा काँग्रेसला अधिकारच नाही असं ठरलं. त्यानंतर २००० मध्ये काँग्रेसने प्रार्थनास्थळांच्या जमीनवापरापुरता वेगळा कायदा केला, आरएलयूआयपीए. पण नुसत्या गैरसोयीला त्या कायद्याचं संरक्षण नाही, धर्मपालनावर मोठा भार पडतोय असं दाखवावं लागतं. छपरासाठी तिथवर जायची वेळ येऊ नये, तुमच्यासारखे चार शेजारी नीट बोलले तर येणारही नाही.

बोचरी_थंडी
मिनेसोटातून लिहितेय, बर्फाचं आमच्याइतकं कोणाला कळणार! शेवगा, एक गोष्ट नक्की विचारा. आत्ता पायऱ्यांवर बर्फ का होतो? चर्चच्या मोठ्या उतरत्या छपरावरचा बर्फ दुपारी वितळतो, पाणी थेट पायऱ्यांवर टपकतं आणि रात्री गोठतं. सकाळी दहाला लोक येतात तेव्हा वर पातळ काच असते, दिसतही नाही. मीठ टाकून टाकून दगड पण खरवडतो. नवं छप्पर हे पाणी अडवेल, चांगलंच आहे, पण ते पुढे कुठे सोडणार? पन्हळ आणि खाली नेणारा पाइप नीट नसेल तर तेच पाणी फुटपाथवर येऊन गोठेल, आणि मग आजी पायरीऐवजी फुटपाथवर पडतील. आमच्या इथल्या वाचनालयाच्या दारात हेच झालं, छप्पर छान झालं आणि पाइप थेट चालायच्या वाटेवर सोडला.

सिव्हिल_काका
बोचरी_थंडी, लाख मोलाचा मुद्दा. तो बोर्डाच्या इंजिनिअरलाही आवडेल.

शेवगा, तुमच्या दिसण्या न दिसण्याबद्दल. १८ फूट म्हणजे रस्त्याच्या कडेपासून नव्हे. सेटबॅक मालकीच्या हद्दीपासून मोजतात आणि हद्द बहुतेक ठिकाणी फुटपाथच्याही आत असते. रस्त्याची हद्द ५० फूट आणि डांबर ३० फूट असेल तर दोन्ही बाजूंना १०-१० फूट गावाचे. म्हणजे खांब कर्बपासून, म्हणजे डांबराच्या कडेपासून, २८ फूट आत. टेप घेऊन जा, तिथे कुणाला तरी उभं करा आणि गाडीत बसून बघा. आणि शेजारच्या आजोबांना सांगा की व्हेरिअन्सने पुढच्याला आपोआप हक्क मिळत नाही, प्रत्येक अर्ज त्याच्या जागेपुरता तोलला जातो. मात्र एकदा मिळालेली सूट जमिनीबरोबर राहते, उद्या इमारत विकली तरी. म्हणून अटी आजच लिहून घ्यायच्या.

शेवगा
नकाशे बघून आलो! क्लार्कबाईंनी टेबल मोकळं करून दिलं, अर्धा तास बसलो. रॅम्प आहे, भिंतीला समांतर, अगदी पुणेरी_पेन्सिल म्हणाले तसा मधे टप्पा घेऊन. मागचं दार खालच्या हॉललाच उघडतं, तिथून वर बारा पायऱ्या. आमची मुलं दर रविवारी तिथूनच जातात आणि माझ्या कधी लक्षातच आलं नाही की वरती जायला तिथून लिफ्ट नाही. पाइप मात्र नकाशात फुटपाथच्या दिशेने दाखवलाय.

काल संध्याकाळी चर्चची परवानगी घेऊन बायको झाडू उभा धरून खांबाच्या जागी थांबली आणि मी गाडी दोनदा मागे घेतली. कर्बपासून २८ नाही, २७ फूट भरले. कोपऱ्यावरून वळणारी गाडी पूर्ण दिसते. मला अडथळा होतो तो आमच्याच कुंपणाच्या झुडपाचा. ते या शनिवारी छाटणार.

रानजाई
वा! आता नक्की जा. जे पाहिलंत ते सांगा, बाकी काही नको.

शेवगा
काल सुनावणी झाली, सविस्तर लिहितो.

संध्याकाळी सात वाजता, गावाच्या ऑफिसात, वीसेक माणसं. सुरुवातीलाच बोर्डाचे एक सदस्य उठून बाहेर गेले कारण ते त्याच चर्चचे आहेत, त्यांच्या जागी राखीव सदस्य बसले. मला हे फार आवडलं. मग आर्किटेक्टची साक्ष झाली, छप्पर दोन्ही बाजूंनी उघडं का, दगड कुठला, उंची किती. शेजारचे आजोबाही आले होते आणि त्यांनी कोरडवाहूंचाच प्रश्न विचारला, मागून का नाही. आर्किटेक्टने आतल्या बारा पायऱ्या नकाशावर दाखवल्या. आजोबा म्हणाले, हे मला माहीत नव्हतं, आणि खाली बसले.

माझी पाळी आली तेव्हा हात थरथरत होते. शपथ घेतली. जानेवारीतलं पाहिलेलं सांगितलं, तारखेसकट. दिसण्याबद्दल सांगितलं की भीती होती म्हणून मोजलं आणि भीती खरी नव्हती. मग पाण्याच्या पाइपचं विचारलं. चर्चच्या वकिलाने काही विचारलं नाही पण बोर्डाच्या इंजिनिअरने नकाशा परत उघडायला लावला, पाच मिनिटं चर्चा झाली आणि चर्चचे लोक तिथल्या तिथे पाइप बदलायला तयार झाले. त्या आजीही आल्या होत्या. नंतर कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला तो हात वर करून दाखवला, पूर्ण वळत नाही म्हणाल्या, पण पियानो वाजवता येतो.

सातपैकी सात मतं हो. अटी तीन: छपराच्या बाजू पुढे कधीही काच किंवा भिंत घालून बंद करायच्या नाहीत, दिव्याचा झोत खालीच हवा, आणि पाण्याची वेगळी सोय.

कोरडवाहू
बाजू बंद न करण्याची अट फार महत्त्वाची, नाहीतर पाच वर्षांनी तिथे खोली झाली असती. माझं समाधान झालं. पाण्याचं नक्की काय ठरलं?

शेवगा
पाइप मागे फिरवून हिरवळीखाली दगड भरलेल्या खड्ड्यात सोडणार, ड्रायवेल म्हणतात त्याला. पुढच्या मीटिंगमध्ये लेखी ठराव होईल, तो प्रसिद्ध झाला की अपिलाला ४५ दिवस, मग काम. पुढच्या अंगणात खोदकाम असेपर्यंत वरची प्रार्थनाही खालच्या हॉलमध्ये भरणार, म्हणून त्यांनी आमच्या मराठी शाळेला विचारलंय की तुम्ही अर्धा तास उशिरा सुरू कराल का. आम्ही हो म्हटलंय.

बोचरी_थंडी
ड्रायवेल पायाच्या भिंतीपासून लांब ठेवायला सांगा, जुना दगडी पाया आहे. निदान १० फूट.

शेवगा
उद्याच सांगतो.